च्यूटमध्ये न गेलेली चौदा पुस्तकं

आई, ती चौदा पुस्तकं मी च्यूटमध्ये टाकली नव्हती.

हे आधीच सांगून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. तुम्ही नेहमी म्हणायचात, केतकी फोनवर अख्ख्या गावाची चौकशी करते आणि फोन कशाला केला ते तिला ठेवताना आठवतं. तर ऐका. गेल्या वर्षी आपलं भांडण झालं त्या दिवशी मी पिशवी उचलून तणतणत बाहेर गेले. लिफ्टजवळच्या कचऱ्याच्या च्यूटचं झाकण आपटल्याचं तुम्ही घरातून ऐकलंत आणि मी रिकाम्या हातांनी परत आले. झाकण मी उघडलं होतं, आपटलंही होतं. पिशवी मात्र जिन्याच्या कोपऱ्यात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना ती उचलली. तेव्हापासून ती पुस्तकं हार्बरफ्रंटला माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, जास्तीच्या छत्रीखाली पडून होती. तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. बारा मजले खाली पडून त्यांचा लगदा झाला असं समजूनच तुम्ही गेलात.

लेक म्हणून मंदार तुमच्या अस्थी घेऊन नाशिकला गेला आहे. घरी मी आणि तुमची नात, इरा. गेल्या सोमवारी तुमच्या तोआ पायोहच्या चित्रकलेच्या वर्गातून, तिथे शिकवणाऱ्या मुलीचा फोन आला. त्या रविवारी त्यांचं पुस्तकांचं टेबल होतं, त्यावर या वेळी फक्त तुमची पुस्तकं मांडायची होती. "त्यांनी केलेली सगळी आणाल ना?" त्या मुलीने विचारलं. मी हो म्हटलं. इराने तुम्ही पुस्तकं ठेवायचात त्या पोह्यांच्या डब्यातून एकेका पुस्तकाची एकेक मूळ प्रत काढली, पलंगावर ओळीने मांडली आणि मोजली. अकरा भरली.

"इलेव्हन ओन्ली? आजी सेड ट्वेल्व्ह," इरा म्हणाली.

बारावं कुठे आहे ते मला माहीत होतं. ते टेबलावर जाऊ द्यायचं की नाही, हे आठवडाभर माझं ठरत नव्हतं.

त्या वर्गाला तुम्हाला धाडलं ते मीच, हे मान्य करते. इराच्या दप्तरात एक कागद आला होता, ज्येष्ठांसाठी रविवारची चित्रकला. बाबा गेल्यावर तुम्ही पुण्याहून सिंगापूरला, आमच्या सेंगकांगच्या घरी येऊन तीन वर्षं होत आली होती, आणि घरात बसून तुम्ही माझ्या फ्रीजची रचना रोज बदलत होतात. म्हटलं, जातील दोन तास बाहेर. पहिल्या रविवारी मी सोडायला आले. सेरंगूनला गाडी बदलायची, बिशानला बदलायची. तुम्ही हातातल्या रुमालाला दोन गाठी मारल्यात आणि प्रत्येक बदलाला एक सोडलीत. दुसऱ्या रविवारी म्हणालात, आता तू येऊ नकोस, तू आलीस की घाई करतेस.

तिथे तुम्हाला एका कागदाचं पुस्तक करायला शिकवलं. एकच कागद, मध्ये एक चीर, चार घड्या, आठ पानं. इरा त्याला झीन म्हणते. तुम्ही शेवटपर्यंत घडीचं पुस्तक म्हणालात. त्यात एक गोम असते, ती तुमच्याइतकी कोणाला नडली नसेल. कागद उलगडलेला असताना वरच्या ओळीतली पानं उलटी काढावी लागतात, तरच घडी घातल्यावर ती सुलटी येतात. तुम्ही सगळीच सरळ काढलीत. पहिलं पुस्तक झालं आणि दोनपासून पाचपर्यंत चारही पानांवर बाबा डोक्यावर उभे. तुम्ही ते पुस्तक फिरवून फिरवून पाहिलंत आणि इतक्या हसलात की ठसका लागला. "आयुष्यभर सरळ वागला हो माणूस," म्हणालात. बाबा गेल्यापासून तुम्हाला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

त्या पुस्तकात खरं तर बाबा नव्हतेच, त्यांची कामं होती. झोपण्याआधी गॅस दोनदा बघणं, तांब्या भरून ठेवणं, कॅलेंडरचं पान एक दिवस आधीच फाडणं. प्रत्येक पानावर ते काम करणारे हात. तुम्ही तोंडं काढतच नव्हतात. मी विचारलं तर म्हणालात, "तोंडं मला जमत नाहीत. हात जमतात. हात मी पुष्कळ बघितलेत." तोंड लागेल तिथे तुम्ही माणसाला पाठमोरं बसवायचात. माझ्यावर काढलेल्या पुस्तकात मात्र मानेवर डोक्याच्या जागी फोन होता. मंदारने ते फ्रीजवर लावलं. मी रागावले, पण काढलं नाही.

दुपारी ओटा पुसून तुमचा कारखाना सुरू व्हायचा. घडी कडक बसावी म्हणून तुम्ही तिच्यावर लाटणं फिरवायचात. वर्गातल्या मुलीने त्यासाठीच हाडाची पट्टी दिली होती, ती तुम्ही इराला खेळायला देऊन टाकलीत. तुमच्या प्रत्येक पुस्तकाच्या कण्यात थोडं पीठ असतं, अजून आहे. मी ऑफिसात जहाजांची कागदपत्रं तपासते, चुका शोधणं हेच माझं काम. घरी आल्यावर तुमच्या पानांवरही पेन घेऊन बसायची. इथे ओळ वाकडी, इथे पान उलटं. तुम्ही म्हणायचात, "अगं, बोटीत नाही चढवायचं ते."

आणि तुमचा नियम. पुस्तक विकायचं नाही, फुकटही द्यायचं नाही. जो नेईल त्याने काहीतरी ठेवून जायचं, आणि ते त्याच्या हातचं असलं पाहिजे. वर्गात अदलाबदलीची पद्धत होतीच, तुम्ही तिची शिस्त केलीत. एका बाईने तिच्या गेलेल्या मांजराचं पुस्तक दिलं. चहाच्या टपरीवरचा अंकल, जो तुम्हाला न विचारता कमी साखरेचा चहा आणून द्यायचा, त्याच्यावर तुम्ही केलेलं पुस्तक त्याला हवं होतं, तर त्याच्याकडूनही तुम्ही रुमालाची घडी करून घेतलीत. एक गृहस्थ रिकाम्या हातांनी आले तर त्यांना खुर्चीवर बसवून त्यांच्या आईचं भाताचं भांडं काढायला लावलंत. अर्धा तास लागला त्यांना. तुम्हाला इंग्रजी बेताचं, त्यांना मराठी शून्य. तुमचं अडलं नाही.

आता त्या बाराव्या पुस्तकाबद्दल.

चार वर्षांपूर्वी माझा चौथा महिना संपत आला होता, आणि ते राहिलं नाही. मंदार तेव्हा कामासाठी जकार्ताला होता. इरा पाच वर्षांची, शाळेत. टॅक्सीत तुम्ही माझा हात धरून बसला होतात, डॉक्टरांच्या खोलीतही तुम्हीच शेजारी होतात. संध्याकाळी घरी आलो. मंदार पहाटेच्या विमानाने आला. त्यानंतर आपल्या घरात त्या गोष्टीवर कोणी एक शब्द बोललं नाही. मीच बोलू दिलं नाही. कोणी विषय काढेल असं वाटलं की मी कपडे वाळत घालायला जायची.

गेल्या वर्षी एका सोमवारी ऑफिसच्या पँट्रीत हुई मिन माझ्याजवळ आली. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती, दिवाळीला आपल्याकडे आली होती, तुमच्या चकल्यांची रेसिपी मागत होती. तिच्या हातात तुमचं घडीचं पुस्तक होतं. आदल्या दिवशी तोआ पायोहला तुमच्या टेबलावरून तिने ते घेतलं होतं.

"युअर मदर-इन-लॉ ड्रॉ वन, राइट?" ती म्हणाली. "सॉरी आह, केतकी. आय नेव्हर न्यू."

मी पुस्तक उघडलं. मुखपृष्ठावर एकच शब्द, 'दुपटं'. दुसऱ्या पानावर तुमचे हात तुमची मोरपंखी सुती साडी कापताहेत. तिसऱ्यावर टॅक्सीतले दोन हात. चौथ्यावर तुमचे हात आपल्या बाथरूमची फरशी घासताहेत. पाचव्यावर मी, पलंगावर पाठमोरी बसलेली. सहाव्यावर तुमचे हात टाके उसवताहेत. सातव्यावर त्याच कापडाच्या दोन घट्ट शिवलेल्या फडक्यांनी कुकर उतरवला जातोय. आठव्यावर नुसती सुई.

ती फडकी मी रोज वापरत होते. मोरपंखी, जाड, हाताला चटका न बसू देणारी. तीन वर्षं मी त्यांनी कुकर उतरवला.

हुई मिन आणखीही काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की जे मी नंतर नवऱ्याजवळही कधी बोलले नाही ते माझ्या सासूने पंधरा प्रती काढून टेबलावर मांडलं आणि ते माझ्या ऑफिसात पोचलं. त्यातून पाचवं पान उलटं होतं. सगळं पुस्तक सुलटं आणि मी तेवढी डोक्यावर.

घरी आले तेव्हा तुम्ही कणीक मळत होतात. बाकीच्या चौदा प्रती टीव्हीखालच्या कपाटात होत्या. मी त्या पिशवीत भरत भरतच बोलायला लागले.

"हे माझं होतं," मी म्हटलं. "हे काढायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? आणि मला उलटं टांगलंत ते कशासाठी?"

"उलटं?" तुम्ही म्हणालात. आणि मग, "केतकी, ते माझंही होतं गं."

"तुमचं कसं काय?"

"मी दुपटं शिवत होते. तू झोपलीस की. बाळ यायच्या आधी शिवू नये म्हणतात, म्हणून लपवून. हात स्वस्थ बसेनात."

आणि मग मी ते वाक्य बोलले. तुम्हाला आठवत असेलच, पण मला ते इथे लिहायलाच हवं. मी म्हटलं, "मग शिवलंत कशाला? माहीत होतं ना, शिवू नये ते?"

मी हे असलं काही मानत नाही, आई. तेव्हाही मानत नव्हते, मला फक्त तुम्हाला लागेल असं काहीतरी हवं होतं आणि ते तुम्हीच माझ्या हातात दिलंत. तुमचे हात कणकेत थांबले. तुम्ही वाद घातला नाहीत, रडलाही नाहीत. "हो," म्हणालात. एवढंच. मी पिशवी घेऊन च्यूटकडे गेले. परत आले तेव्हा तवा तापत होता.

त्यानंतर आपण नीट राहिलो, हेही खरं. कोणाला वाटू नये की घरात वर्षभर धुसफूस होती. माझ्या डब्यात तुमच्या हातच्या पोळ्या होत्या, तुमच्या इथे राहायच्या लाँग टर्म पासच्या नूतनीकरणाचे फॉर्म मी भरले, इराच्या परीक्षांवरून आपण दोघी मिळून मंदारला बोललो. तुम्ही पुढची पुस्तकंही केलीत, लिफ्टवर एक, एलआरटीच्या छोट्या गाडीच्या खिडकीतून दुसऱ्यांच्या घरात दिसणाऱ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर एक. फक्त ती मोरपंखी फडकी ओट्यावरून दिसेनाशी झाली आणि त्यांच्या जागी दुकानातली आली. मी विचारलं नाही. सांगायचं मनात यायचं, दर थोड्या दिवसांनी यायचं. रविवारी सांगू, इराची परीक्षा संपली की सांगू. तुमची तब्येत अगदी ठणठणीत होती. माझ्यापेक्षा भरभर चालायचात. तुमच्याकडे वेळ आहे हे मी धरूनच चालले होते.

आता जे सांगायचं होतं ते सांगते. त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाल्या ते तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. त्या भराभर इंग्रजीत बोलल्या, मी मान डोलवली, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. मंदारला मी फोनवर सगळं सांगितलं. माझ्या आईला रत्नागिरीला सांगितलं. तुम्ही तिथेच हजर होतात म्हणून तुम्हाला कळलं असं मी समजले. डॉक्टर म्हणाल्या होत्या की हे असं होतं, पुष्कळ जणींना होतं. बाळाची घडणच मुळात नीट झाली नव्हती. कोणी काही केलं म्हणून नाही आणि कोणी काही केलं नाही म्हणून नाही. त्यांनी हे दोनदा सांगितलं. एवढी चार वाक्यं मराठीत सांगायला मला एक मिनिट लागलं असतं. तुम्ही ती चार वर्षं त्यांच्याशिवाय काढलीत, आणि त्यातलं शेवटचं वर्ष माझ्या त्या वाक्याबरोबर.

आणि बाथरूम. घरी परत आल्यावर मी पलंगावर बसून राहिले, आणि नंतर गेले तेव्हा ते लख्ख होतं. इराला काही दिसलं नाही, मंदारला दिसलं नाही, मलाही पुन्हा बघावं लागलं नाही. ते कोणी धुतलं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. चौथं पान पाहिलं तेव्हा कळलं, आणि त्या दिवशी मी त्याबद्दल आभार मानायच्या मनःस्थितीत नव्हते. आज मानते. उशीर झाला आहे, तरी मानते.

शुक्रवारी मी ड्रॉवर रिकामा केला आणि पिशवी घरी आणली. शनिवारी दुपारी इराला बाजूला बसवून बारावं पुस्तक दाखवलं. म्हटलं, तुला काहीतरी सांगायचं आहे. तिने एकेक पान पाहिलं आणि म्हणाली, "आय नो, आई. आजी टोल्ड मी लाँग टाइम अगो. शी सेड डोन्ट आस्क आई, वेट टिल आई से." नऊ वर्षांची मुलगी माझी वाट बघत थांबली होती. मला तुमचा रागही आला, खोटं कशाला बोलू. मग हसू आलं. मग जे यायचं ते आलं.

पण टेबलावर ठेवायचं तर तुमचा नियम आडवा येत होता. मी तुमची चौदा पुस्तकं उचलली होती आणि बदल्यात काहीच ठेवलं नव्हतं. तेव्हा ओटा पुसला. कागद घेतला. मला तोंडं जमत नाहीत आणि हातही जमत नाहीत, पण काढले. डॉक्टरांच्या खोलीतलं टेबल काढलं, त्यावर माझे हात आणि तुमचे. त्या चार वाक्यांना दोन पानं दिली, मराठीत, मोठ्या अक्षरात. जिन्याच्या कोपऱ्यातली पिशवी काढली. तुमची फडकी काढायची होती, पण समोर असल्याशिवाय मला काढता येईना. इरा गेली आणि तुमच्या कपाटातून, साड्यांच्या घडीखालून घेऊन आली. तिला बरोबर माहीत होतं. ती मी पाचव्या पानावर काढली. झेरॉक्स काढून आणल्या, घड्या घातल्या, लाटणं फिरवलं.

"आई, पेज फाइव्ह अपसाइड डाउन लाह," इरा म्हणाली.

होतंच. ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका धरणारी मी, वरच्या ओळीतलं पान सरळ काढून बसले होते. मुद्दाम केलं नव्हतं. कुठे लक्ष होतं ते माहीत नाही. मागच्या वर्षी तुम्ही "उलटं?" असं विचारलं होतंत, ते खरंच विचारलं होतंत. तुम्हाला माहीतच नव्हतं. मी त्यात हेतू शोधला आणि तिथे नुसती घडी चुकली होती. काही गोष्टी कोणी न करताच होतात, आई. पान उलटं झालं, आणि बाळाचंही तसंच झालं.

मी ते पान सुधारलं नाही. चौदा प्रती केल्या.

रविवारी आम्ही दोघी सेरंगूनला आणि बिशानला गाडी बदलून गेलो. इराने टेबलाचा ताबा घेतला. "कॅनॉट जस्ट टेक, आंटी, मस्ट गिव्ह," असं ती येणाऱ्या प्रत्येकाला तुमच्या आवाजात बजावत होती. बारावं पुस्तक मी अकराव्याच्या शेजारी ठेवलं, चौदाच्या चौदा प्रती, आणि त्यांच्या बाजूला माझ्या चौदा. चहावाला अंकल आला होता. हुई मिनही आली. मी तिला विचारलं, त्या दिवशी पँट्रीत तू आणखी काय म्हणाली होतीस?

"मी टू, आय सेड," ती म्हणाली. "बिफोर माय सन. आय टोल्ड युअर मदर-इन-लॉ. शी होल्ड माय हँड, लाँग लाँग टाइम."

म्हणजे तिने तुम्हाला बदल्यात काय दिलं होतं तेही कळलं. तिने माझं एक पुस्तक घेतलं. त्याच्या जागी तिच्याकडची तुमच्या पुस्तकाची प्रत ठेवणार होती, मी तिला ती ठेवू दिली नाही. ती तिची आहे. ती कागद मागून घेऊन शेजारच्या खुर्चीवर बसली आणि काहीतरी काढत राहिली.

संध्याकाळपर्यंत तुमच्या चौदातल्या नऊ गेल्या, माझ्या सहा. एक मी तुमच्या पोह्यांच्या डब्यात ठेवली आहे. फडकी परत ओट्यावर आहेत, काल त्यांनीच कुकर उतरवला. शेवटच्या पानाचं तेवढं सांगायचं राहिलं. तुम्हाला तिथे सुई सुचली, मला चित्र काही सुचेना, म्हणून एक ओळ लिहिली. अख्खं मी ते कधी पाहिलं नाही, फडक्यांवरच्या टाक्यांवरून लिहिते आहे.

दुपटं छान झालं होतं, आई.